सेकंडहँड टियागो जेटीपी: साताऱ्याच्या घाटात चालवून, खालून-वरून तपासून

कराडच्या एका डॉक्टरांची २०१९ ची टाटा टियागो जेटीपी, म्हणजे साध्या टियागोची कारखान्यातूनच जोरकस करून आलेली आवृत्ती, विकायची आहे. एमएच-५० पासिंग, पहिले मालक तेच, रंग पांढरा, छत काळं. "मनासारखी बघून घ्या, मग बोलू," असं म्हणून त्यांनी ती माझ्याकडे ठेवली. साताऱ्याच्या एमआयडीसीत माझा लेथचा लहानसा शेड आहे. बुश, शाफ्ट, ब्रेकच्या डिस्क-ड्रमचं टर्निंग ही आमची रोजची कामं. त्यामुळे मी गाडी नुसती चालवली नाही, जॅकवर उचलून खालूनही पाहिली. ज्यांना कमी पैशात चालवायला मजा येईल अशी आणि थोडंफार हातानं काम करता येईल अशी गाडी हवी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला स्वतःला तशी गाडी पुन्हा हवी आहे, आणि गेली कित्येक वर्षं हवी आहे.

पुन्हा म्हणालो, कारण एकदा होती. मारुती झेन, कार्बोरेटरवाली, सेकंडहँड घेतलेली. ९९३ सीसी, चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ताकद जेमतेम पन्नास अश्वशक्ती. पण गाडीचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, आणि सगळी गंमत त्यात होती. त्या इंजिनात काम करायला जागा होती. हेड उतरवून मी पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा, साफ केले. मोठे केले नाहीत, फक्त कास्टिंगचा खरबरीतपणा आणि गॅस्केटच्या तोंडाशी पुढे आलेली कड काढली. हेडला हलकं फेसिंग मारून कॉम्प्रेशन थोडं वाढवलं. तिथं हात आवरता घ्यावा लागतो. जास्त घासलं की चढाला इंजिन नॉकिंग करायला, म्हणजे आतून ठोके द्यायला लागतं. मग कार्बोरेटरचे जेट बदलले, चार-दोन-एकचा हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा जोड) शेडमध्येच वेल्ड केला, मूळच्या १४५ च्या टायरऐवजी १६५/६५ चे टायर टाकले. पुढच्या लोअर आर्मचे रबरी बुश काढून पीयूच्या, म्हणजे रबरापेक्षा कडक अशा पॉलियुरेथेनच्या, रॉडातून बुश टर्न केले. कामगार घरी गेले की आमचं काम सुरू व्हायचं, मी आणि आमचे मिस्त्री. प्रत्येक बदलानंतर गाडी यवतेश्वरच्या घाटात न्यायची आणि काय फरक पडला ते अंगानं समजून घ्यायचं. बुश बदलल्यावर पहिल्याच वळणाला स्टेअरिंग हातात कसं आलं, ते मला अजून सांगता येईल. आईच्या ऑपरेशनच्या वर्षी ती विकली. विट्याकडच्या माणसानं नेली.

त्यानंतर घरात गाड्या आल्या, चांगल्या आल्या, पण त्या नेण्या-आणण्याच्या. बाहेरच्या देशांत अशा हौसेसाठी माझ्दा मियाटासारखी गाडी असते: दोन सीट, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, नोकरदाराला परवडेल अशी. १९८९ पासून ती बनते आहे आणि दहा लाखांहून जास्त विकली गेली. आपल्याकडे कंपनीनं ती कधी विकायला आणली नाही, आणि आयात करायची तर ड्युटीतच कंबरडं मोडतं. त्यामुळे आपल्याकडे लहान स्पोर्ट्‌स कार म्हणजे जोरकस इंजिनाची हॅचबॅक. त्यातल्याही बहुतेक बंद झाल्या.

जेटीपी ही त्यातली सगळ्यात स्वस्त. टाटा मोटर्स आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्‌ज यांनी मिळून ती केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत ६.३९ लाख होती. प्रदूषणाचे बीएस-६ चे नियम लागू झाले आणि ती थांबली, म्हणजे जेमतेम दीड वर्ष विकली गेली. रस्त्यावर फार दिसत नाही याचं कारण हेच. इंजिन टाटाच्याच नेक्सॉनच्या घराण्यातलं, ११९९ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंखा बसवलेलं. ११४ पीएस ताकद, १५० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, हातानं टाकायचे. सस्पेन्शन साध्या टियागोपेक्षा कडक आणि चार मिलिमीटर खाली, चाकं पंधरा इंची. बॉनेटवर हवेसाठी खाचा, मागे दोन तोंडांचा सायलेन्सर, आरशांना लाल रंग. आतून सगळी काळी.

समर्थ मंदिराकडून पहाटे निघालो. पहाटेच, कारण उजाडल्यावर त्या रस्त्याला दुधाच्या गाड्या, शाळेची पोरं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कासची फुलं बघायला येणाऱ्यांची रांग. घाटात दुसऱ्याच्या लेनमध्ये जाऊन मजा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. मला वळण हवं असतं, वेग नंतर.

पहिल्या चढालाच या इंजिनाचा स्वभाव कळतो. दोन हजार आरपीएमच्या खाली ते सुस्त असतं. वळणावरून चुकीच्या गिअरात बाहेर पडलात तर पाय दाबून वाट बघावी लागते. दोन हजार ओलांडले की टर्बो भरतो आणि गाडी चार हजारांपर्यंत एका दमात ओढते. झेनला यवतेश्वरला दुसऱ्यात ठेवून पिळावं लागायचं, तिथं ही तिसऱ्यात गप चढते. सिटी आणि स्पोर्ट असे दोन मोड आहेत. स्पोर्टमध्ये पायाला प्रतिसाद लवकर येतो आणि घाटात तोच मोड बरोबर आहे. साताऱ्यात पोवई नाक्याच्या गर्दीत मात्र स्पोर्टमध्ये गाडी उगाच उड्या मारते, तिथं सिटीच ठेवा. तीन सिलिंडरची थरथर स्टेअरिंगला आणि सीटला जाणवते, विशेषतः गाडी उभी असताना. आवाजाला चार सिलिंडरचा गोडवा नाही, थोडा घोगरा आहे. मला तो चालला. ज्यांना जुन्या होंडा-सुझुकीच्या इंजिनांचा वरच्या पट्टीतला आवाज आवडतो, त्यांचं मन इथं भरणार नाही.

वळणांतल्या वागण्याबद्दल मात्र मी मोकळ्या मनानं बोलतो, कारण इथं काम चांगलं झालंय. गाडी वळणात बसते. झुकते, पण लगेच थांबते आणि तशीच राहते, पुढच्या वळणाला नाक आत घालायला तयार. यवतेश्वरच्या वर रस्ता जरा मोकळा होतो आणि डोंगराच्या सोंडेवरून डावी-उजवी वळणं लागोपाठ येतात. तिथं मला झेननंतर पहिल्यांदा वाटलं की गाडी आणि मी एकच काम करतोय. स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, वजन बरं आहे, पण टायरखाली काय चाललंय ते झेनच्या बिगर-पॉवर स्टेअरिंगसारखं तळहातापर्यंत येत नाही. या बाबतीत आजची कुठलीच गाडी तिच्या जवळ जात नाही, म्हणून एकट्या जेटीपीला दोष देणं बरोबर नाही.

उतरताना ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, साध्या टियागोसारखीच मांडणी. ताकद वाढवून मागे ड्रमच ठेवले हे मला पटलेलं नाही, किंमत राखायला ठेवले असावेत. कासच्या तलावापासून खाली येताना गाडीनं कुठंच दगा दिला नाही, पेडलही मऊ पडलं नाही. तरी पूर्ण उतारभर मी गिअरवरच गाडी रोखून आणली आणि तुम्हीही तसंच करा. घाट उतरून आलं की चावी लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो, मिनिटभर इंजिन तसंच चालू राहू द्या.

आईला मागे बसवून कोरेगावला नेलं. तिचं मत एका वाक्यात आलं: "बसायला ऐसपैस हाय, पण खड्डा न्‌ खड्डा कळतोय बघ." दोन्ही खरं आहे. मागे दोघं आरामात बसतात, डिकीत बाजार मावतो. आमच्या रस्त्यांवरच्या उंच स्पीडब्रेकरला खालचं कुठं घासलं नाही. घरातली एकमेव गाडी म्हणूनही ही चालेल, आणि परवडणारी स्पोर्ट्‌स कार म्हणजे माझ्या लेखी हेच. हौसेसाठी वेगळी गाडी उभी करून ठेवणारे वेगळे.

आता बॉनेट उघडूया. झेनच्या इंजिनाभोवती हात फिरायचा, प्लगपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत सगळं उभ्यानं निघायचं. इथं टर्बो, त्याची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप, सेन्सरच्या वायरी यांतून पाना घालायलाच कसरत. हेड उतरवून पोर्ट साफ करण्याचे दिवस गेले, कारण इंधन किती आणि कधी हे आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. आजचं मॉडिफिकेशन म्हणजे लॅपटॉप जोडून ईसीयूचा नकाशा बदलणं, आणि टर्बो इंजिनात त्यानं ताकद झपकन वाढतेही. आमच्या शेडमधल्या पोरानं मला तेच विचारलं, "मालक, रीमॅप मारायचा का?" मी नको म्हणालो. कारण गाडीची जमेची सर्वांत मोठी बाजू तीच आहे: ही कारखान्यातूनच सुधारून आलेली गाडी आहे. साध्या टियागोत टर्बो बसवायला निघालात तर तो बेकायदा बदल ठरेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. नंतरच्या दुरुस्तीत तर मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. उद्या अपघात झाला आणि न सांगता केलेला बदल सापडला, तर विम्याचा दावाही अडकतो. जेटीपीत मात्र टर्बो, कडक स्प्रिंग, खाली आणलेली उंची हे सगळं मूळ तपशिलातच आहे. मी झेनवर रात्री जागून जे केलं, ते इथं चाचण्या करून, सरकारी मंजुरी घेऊन, वॉरंटीसकट विकलं गेलं. लहान गाडीच्या शौकिनाला आपल्याकडे इतकं क्वचितच कुणी दिलंय.

मग माझ्या हाताला काय उरतं? पुष्कळ उरतं, फक्त ते खाली आहे. गाडी वर घेतली तेव्हा लोअर आर्मच्या बुशला बारीक चिरा दिसल्या. इतक्या वर्षांच्या गाडीला त्या असायच्याच. तिथं नवे मूळचेच रबर बसवायचे, पीयूचे नाहीत, कारण हिचं सस्पेन्शन आधीच कडक आहे आणि आईनं निकाल दिलेला आहे. पुढच्या डिस्क लेथवर चढवून रनआउट, म्हणजे फिरताना किती डोलतात ते, बघायचा, जाडी मर्यादेत असेल तरच हलका कट घ्यायचा, चांगले पॅड टाकायचे. मागचे ड्रम गोल आहेत का ते डायल लावून तपासायचं. ब्रेक ऑइल बदलायचं. कुणी बदलत नाही, आणि घाटात त्यालाच किंमत असते. टायर कंपनीच्याच मापाचे, १८५/६०, पण मऊ रबराचे. गिअर नॉब मी स्वतः स्टीलच्या रॉडातून टर्न करणार आहे. जड नॉबनं गिअर टाकायला बरा लागतो आणि कायद्याला त्याचं काही नाही. शेवटी अलाइनमेंट, ड्रायव्हर सीटवर माणूस बसवून. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नको. झेनवर तो होता, तेव्हा वय वेगळं होतं आणि एमआयडीसीच्या रस्त्याला वस्तीही नव्हती.

घेण्याआधी दुसऱ्या गाड्याही बघून ठेवा. २०१७ ची बलेनो आरएस हिच्यापेक्षा हलकी आहे, चारही चाकांना डिस्क, १०२ पीएस. घर सांभाळून मजा हवी असेल तर ती जास्त शहाणी निवड, पण मला तिचं सस्पेन्शन मऊ वाटलं. पोलो जीटीची बांधणी या सगळ्यांत भारी. जुन्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या खर्चाची तयारी ठेवा. अबार्थ पुंटोत १४५ अश्वशक्ती आहे आणि मला ती मनापासून आवडते, पण फियाट आपल्याकडून गेली, सुट्ट्या भागांसाठी दारोदार फिरावं लागतं. फोर्ड फिगोचं दीड लिटरचं डिझेल ओढीला जबरदस्त, फक्त नाक जड. नव्यात हवी असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन आहे, पण तिला पैसे बरेच जास्त.

जेटीपी बघायला जाल तर हे तपासा. इंजिन थंड असताना चालू करायला लावा आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा. इंटरकूलरच्या पाइपांच्या जोडाला तेलाची फार ओल नको. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ही गाडी त्याआधीच्या काळातली, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या बोटानं दाबून बघा. कडक झाल्या असतील तर बदला. बंपर, बॉनेट आणि बाजूच्या पट्ट्या शाबूत हव्यात. इंजिनाचे आणि खालचे बरेच भाग टियागो-नेक्सॉनचे चालतात, पण जेटीपीचा खास पत्रा आणि प्लॅस्टिक मी साताऱ्यात आणि कोल्हापुरात विचारलं, कुणाकडं तयार नव्हतं. ईसीयूला आधी कुणी हात लावलाय का, हेही सरळ विचारा.

कराडची गाडी या सगळ्यात पास झाली, बुश आणि टायर सोडून. डॉक्टर चार लाखांवर अडून आहेत, मी साडेतीनवर आलोय. मधे कुठं जमलं, तर आधी टायर आणि ब्रेक ऑइल, गिअर नॉब त्यानंतर.