माइनक्राफ्ट: भावाला नुसती कॉन्फिग पाठवायची की अख्खा मॉडपॅक?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. त्या वेळात आम्ही पाच जण एकाच सर्व्हरवर मॉड (खेळात नवं काही घालणारे छोटे प्रोग्राम) टाकलेलं माइनक्राफ्ट खेळतो. मी जळगावात, मावसभाऊ फैजपूरला, बाकीचे अमळनेर आणि चोपड्याला. दर सुट्टीत पहिल्याच दिवशी कुणाचा तरी मेसेज येतो, "भो, तुझ्यासारखं सेटिंग मलाबी पाठव ना."

पाठवायचे मार्ग दोन. एक तर कॉन्फिगच्या, म्हणजे मॉडच्या सेटिंगच्या फाइली तेवढ्या द्यायच्या, नाहीतर मॉड आणि सेटिंग मिळून सगळा मॉडपॅक बांधून द्यायचा. बहुतेक जण फाइल केवढी आहे ते बघून ठरवतात. माझं मत वेगळं आहे. समोरच्याकडे काही बिघडलं तर ते दुरुस्त कोण करणार, हे आधी बघा.

कॉन्फिग म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडतो, वाचता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर क्षणात जातो. पण त्यात मॉड नसतात, मॉडने कसं वागायचं एवढंच लिहिलेलं असतं. दोघांकडे मॉड तेच आणि आवृत्त्याही त्याच असतील, तरच ती धडपणे लागू होते. आवृत्ती बदलली की ओळींची नावं बदलू शकतात. मग फोर्ज (मॉड खेळात चालवणारा प्रोग्राम) खेळ सुरू होताना फाइल तपासतं आणि न पटलेल्या जागी मूळ आकडा बसवतं. स्क्रीनवर काही दिसत नाही, नोंद फक्त लॉगमध्ये, म्हणजे खेळ स्वतः लिहीत असलेल्या नोंदींच्या फाइलीत. भाऊ म्हणतो "टाकली फाइल, फरकच नाही", आणि दोघांची संध्याकाळ फोनवर जाते.

दुसरी गोची मशीनची. एकदा मी फैजपूरला कॉन्फिगसोबत ऑप्शन्स डॉट टीएक्सटी ही फाइलही पाठवली. ती कॉन्फिगच्या फोल्डरात नसते, त्याच्या शेजारी असते, आणि तिच्यात मॉडच्या कॉन्फिग नसतात. किती लांबपर्यंतचं दिसावं, कोणतं बटण कशाला, हे तिच्यात असतं. माझ्याकडे अंतर २४ चंक होतं (चंक म्हणजे खेळातल्या जगाचा चौकोनी तुकडा), त्याच्याकडे ८. ढोबळ हिशेबाने ८ ला २८९ चंक लागतात आणि २४ ला २,४०१. त्याचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. त्याने स्वतःचं जग उघडलं आणि चित्र जागच्या जागी थांबलं. वर त्याने सवयीने बसवलेली बटणंही गेली. चूक माझी होती. तेव्हापासून ती फाइल मी कुणालाच देत नाही.

मॉडपॅकमध्ये आवृत्तीचा हा घोळ मिटतो. मॉडरिंथ किंवा कर्सफोर्ज या मॉड मिळणाऱ्या साइटींचा पॅक म्हणजे एक झिप. तिच्यात मॉडची आणि आवृत्त्यांची यादी असते, आणि ओव्हरराइड्स नावाच्या फोल्डरात तुमच्या कॉन्फिग. मॉड स्वतः सहसा त्यात नसतात. यादी वाचून लाँचर (खेळ सुरू करून देणारं अ‍ॅप) ते उतरवून घेतो, त्यामुळे मॉड बनवणाऱ्याची परवानगीही मोडत नाही. म्हणजे झिप लहान दिसली तरी डेटा शेकडो एमबी जाऊ शकतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे आधीच सांगून ठेवावं. रॅम किती द्यायची हे मात्र ज्याच्या त्याच्या मशीनप्रमाणे लाँचरमध्ये बघून घ्यावं लागतं. आणि पॅक अपडेट केला की हाताने केलेले बदल पुसले जाऊ शकतात, म्हणून आधी कॉन्फिगची कॉपी बाजूला काढून ठेवा.

धोक्याचंही बोलायला हवं. मॉडची जार फाइल हा चालणारा प्रोग्राम असतो. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच्या काही मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस पसरला होता. नावाजलेल्या ठिकाणी असं झालं, तर कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेल्या जार फाइलींचा काय भरवसा? मॉडचं फोल्डर हातोहात घेऊ नका, लहान भावंडांना तर मुळीच देऊ नका.

तर पहिल्यांदा मॉड लावणाऱ्याला पॅकच द्या. लॉग कुठे असतो हे ज्याला माहीत नाही, त्याला सुटी कॉन्फिग देणं म्हणजे त्याला अर्ध्या वाटेवर सोडणं. पाच जण एका सर्व्हरवर येणार असतील तरी पॅकच, कारण एकाची आवृत्ती वेगळी निघाली की सर्व्हर त्याला आत घेईलच असं नाही. पॅक सगळ्यांकडे बसलेला आहे आणि एखाद्या मॉडचा एखादा आकडाच बदलायचा आहे, तिथे मात्र कॉन्फिगची फाइलच पाठवा, त्यासाठी पुन्हा पॅक बांधायला लावू नका.

आम्ही सुट्टी लागताच पॅक एकदा ठरवतो आणि महिनाभर त्याची आवृत्ती हलवत नाही. त्यानंतर फैजपूरला जाते ती कॉन्फिगची एकच फाइल, आणि कोणती ओळ बदलली, आधी तिथे किती होतं, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. परवा भावाने ती ओळ माझ्या मदतीशिवाय स्वतःच मागे फिरवली.