वेग्नरच्या जुन्या आरामखुर्च्या: लाकूड उत्तम, गादी तपासून घ्या

सांगलीहून बाबा आमच्याकडे डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या आणलेल्या दोन आरामखुर्च्यांपैकी एक गादी काढून उलटी केली. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, आधी सांधेच बघणार. खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पॉलिश पेपर मारून पातळ केला नाही गं, बरं झालं."

खुर्च्या गेटामा कंपनीच्या, जीई २९० मॉडेलच्या, ओकच्या लाकडाच्या. डॅनिश फर्निचर डिझायनर हान्स वेग्नरचं १९५३ चं डिझाइन. इथल्या एका दुरुस्ती करून विकणाऱ्या दुकानातून जोडी अठरा हजार क्रोनरला घेतली. सैल झालेले सांधे उकलून पुन्हा चिकटवलेत, पण आधीच्या मालकाच्या कोपरांनी गुळगुळीत झालेला हात तसाच ठेवलाय. सगळं नव्यासारखं तासून दिलं असतं तर मी घेतल्या नसत्या.

वेग्नर डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या ट्यॉन्डर गावचा, जन्म १९१४ चा. वडील जोडे शिवायचे. हा चौदाव्या वर्षी एका सुताराकडे शिकाऊ म्हणून लागला. कोपनहेगनला शिकायला गेला तो पुढे, १९३६ मध्ये. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी खुर्चीला दुसऱ्यांदा हात लावला. आमच्या शहराशीही त्याचं नातं आहे. १९४१ मध्ये उघडलेल्या इथल्या टाउन हॉलचे वास्तुविशारद आर्ने याकबसन आणि एरिक म्यॉलर, पण आतलं फर्निचर तरुण वेग्नरनं केलं. बाबांना तिथं घेऊन गेले, तासभर हलले नाहीत.

आता तक्रार. दोन खुर्च्यांपैकी एकीत बसलं की खांदे खाली ओढल्यासारखे व्हायचे. तीन दिवस मला कळेना. बाबांनी दोन्ही गाद्यांवर मुठी दाबल्या. एकीत आत स्प्रिंग होत्या, दुसरीत नुसता जाड फोम. फोम दबत नाही, म्हणून माणूस दोन बोटं उंच बसतो आणि खुर्चीचे हात कोपरापर्यंत पोचत नाहीत. गेटामानं १८९९ मध्ये गेडस्टेड गावात सुरुवात केली ती समुद्री गवत भरलेल्या गाद्यांपासून. अशा कंपनीच्या खुर्चीत गादी हा वरून ठेवलेला तक्क्या नसतो, खुर्चीचं मापच त्यावर बसवलेलं असतं. दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं, आणि विकण्याआधी सांगायलाही. मी गादी परत पाठवली. त्यांनी वाद न घालता स्प्रिंग घालून तीन आठवड्यांनी दिली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

कापड करड्या लोकरीचं, घट्ट विणलेलं. थोडं टोचतं, उन्हाळ्यात जास्तच.

निगा सोपी आहे. तेल किंवा पॉलिश नाही. कोमट पाण्यात साबणाचा कीस विरघळवायचा, फडकं पिळून रेषांच्या दिशेनं पुसायचं. अख्खा भाग एकदम पुसायचा, मध्ये थांबलात तर डाग दिसतो. आमच्याकडे चहाच्या कपाचा गोल उठला होता, दोनदा पुसल्यावर गेला.

घ्यायच्या असतील तर दोन्ही खुर्च्यांत पुस्तक घेऊन दहा-दहा मिनिटं बसा. बाबांनी खिडकीजवळची धरली आहे, परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे.