बॅटरी हेल्थ तपासायच्या सोयी: कोण खरं सांगतं, कोण नुसतं ‘गुड’ म्हणतं

एप्रिल-मे सुरू झाला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोबाईल रिपेअरच्या काउंटरवर एकच मागणी ऐकू येते: ‘फोन हँग होतो, बॅटरी बदलून टाका.’ बॅटरी बदलल्यावर काही फोन खरंच सुधारतात. बाकीचे पैसे मोजूनही तसेच अडखळत राहतात, कारण दुखणं बॅटरीचं नव्हतंच. म्हणून फोनमध्येच असलेल्या किंवा फुकट मिळणाऱ्या तपासणीच्या सोयी इथे एकाच कसोटीवर घासून पाहिल्या आहेत. फोन बॅटरीमुळे मंदावलाय की दुसऱ्या कशामुळे, हे त्यातून कळतं का?

आधी बॅटरी म्हातारी होते म्हणजे काय होतं ते बघू. साठवण कमी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या जोडीला बॅटरीचा आतला रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढतो, आणि फोन मंदावतो तो मुख्यतः यामुळे. फ्लॅश मारला, व्हिडिओ कॉल लावला, गेम उघडला की फोन एकदम जास्त करंट मागतो. रोध वाढलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी खाली बसतं. संध्याकाळी बागेतले पंप एकदम सुरू झाले की वाडीतले दिवे मिणमिणतात, तसंच. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की फोन २५ टक्क्यांवरसुद्धा पट्‌कन बंद पडतो. चार्जर लावला की पुन्हा तेच २०-२५ टक्के दाखवतो. ही खूण दिसली तर संशय बॅटरीवरच घ्यावा.

या कसोटीवर आयफोनचा ‘बॅटरी हेल्थ’ विभाग सगळ्यात पुढे आहे. ॲपलने तो काही आपणहून दिलेला नाही. असं अचानक बंद पडणं टाळायला जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस (आयफोनची प्रणाली) १०.२.१ पासून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला जात होता. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं, कंपनीला माफी मागावी लागली आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये हा विभाग आला. सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी हेल्थ असा रस्ता. ‘मॅक्झिमम कपॅसिटी’ हा साठवणीचा आकडा. आयफोन १४ किंवा त्याआधीच्या मॉडेलवर त्याखाली ‘पीक परफॉर्मन्स कपॅबिलिटी’ दिसते. लोक आकडा बघून पडदा बंद करतात, पण वाचायची ती ही खालची ओळ. तिथे फोन अचानक बंद पडल्याचा आणि ‘परफॉर्मन्स मॅनेजमेंट’ लागू केल्याचा उल्लेख असेल, तर वेग बॅटरीमुळे कमी केलेला आहे. ॲप उघडायला वेळ, स्क्रोल करताना अडखळणं, स्क्रीन मंद, स्पीकरचा आवाज थोडा खाली, फारच झालं तर फ्लॅश बंद, ही त्याची लक्षणं. कॉलची गुणवत्ता आणि जीपीएस यांना मात्र धक्का लागत नाही. तेव्हा कॉल तुटत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. काही जुन्या मॉडेलवर तिथेच ‘डिसेबल’चा पर्याय असतो, तो दाबला तर वेग परत येतो, पण पुढच्या वेळी फोन असाच बंद पडला की मर्यादा आपोआप पुन्हा लागते.

आकड्याबद्दल एवढंच, की तो अंदाज असतो. एक-दोन टक्क्यांच्या चढउताराने हवालदिल होऊ नये. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण सायकलनंतर (एकूण १०० टक्के चार्ज वापरला की एक सायकल) आणि १५ पासूनच्या १,००० सायकलनंतर ८० टक्के साठवण राखतील असा ॲपलचा हिशोब आहे, तोही आदर्श परिस्थितीत. फोन वापरायला ० ते ३५ अंश ही सांगितलेली मर्यादा. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ती केव्हाच ओलांडलेली असते. १५ पासूनच्या मॉडेलवर सायकल काउंटही दिसतो. जुना फोन विकत घेताना तो आधी बघा.

अँड्रॉइडवाल्यांचं गाऱ्हाणं वेगळं आहे. डायलरवर *#*#४६३६#*#* टाकून ‘बॅटरी हेल्थ: गुड’ बघण्याची युक्ती अजून हातोहात फिरते. बऱ्याच फोनवर तो मेनू उघडतच नाही, आणि उघडला तरी उपयोग शून्य. हे ‘गुड’ म्हणजे या घडीला बॅटरी जास्त तापलेली नाही, व्होल्टेज मर्यादेत आहे, इतकंच. चार वर्षांची थकलेली बॅटरीही ‘गुड’ येते. ही सोय थेट नापास.

सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधल्या फोन डायग्नॉस्टिक्समध्ये बॅटरी स्टेटस मिळतं. ते खरोखर आयुष्याबद्दल बोलतं, पण आकड्यात नाही, एका शब्दात. बॅटरी पार बसली असेल तर कळेल. सीमेवरच्या बॅटरीबद्दल निर्णय घ्यायला अपुरं. पिक्सेल ८ए पासून पुढच्या पिक्सेलवर साठवणीची टक्केवारी थेट सेटिंग्जमध्ये दिसते, हे चांगलं. पिक्सेल बनवणाऱ्या गूगलनेच जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए ला सक्तीचं अपडेट दिलं. ४०० सायकल झालेल्या बॅटरीची साठवण आणि चार्जिंगचा वेग त्याने कमी होतो, कारण बॅटरी अति तापण्याचा धोका. तुमचा ६ए अपडेटनंतर एकाएकी लवकर उतरायला लागला असेल तर कारण हे असू शकतं.

बाकी शाओमी, विवो, रियलमी, ओप्पो वापरणाऱ्यांसाठी ॲक्युबॅटरी हे ॲप त्यातल्या त्यात कामाचं. चार्जिंग होताना आत गेलेला करंट ते मोजतं. २० वरून ८० टक्क्यांवर जाताना, म्हणजे ६० टक्क्यांत, २,७०० एमएएच (बॅटरीची साठवण मोजायचं माप) आत गेले तर पूर्ण साठवण ४,५०० धरायची. फोन ५,००० चा असेल तर तब्येत ९० टक्के. हिशोब सोपा आहे, पण फसायच्या जागा बऱ्याच. मूळ क्षमता ॲपने चुकीची पकडली तर टक्केवारीही चुकते. खोक्यावरचा आकडा बघून ती हाताने भरा. पाच-दहा टक्क्यांच्या तुकड्या-तुकड्यांच्या चार्जिंगवरून निष्कर्ष काढू नका, किमान ५० टक्क्यांची चार-पाच मोठी चार्जिंग होऊ द्या. ॲपवरची बॅटरी ऑप्टिमायझेशनची मर्यादा काढा, नाहीतर हे फोन त्याला मागच्या मागे मारून टाकतात. आणि काही जास्त वॅटच्या फास्ट चार्जिंग फोनमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. तिथे ॲप ५,००० ऐवजी २,५०० च्या आसपास दाखवतं. बॅटरी अर्धी मेलेली नाही. आकडा दुप्पट करून वाचा. आतल्या रोधाबद्दल मात्र ॲक्युबॅटरी काही सांगत नाही. ते ‘२५ टक्क्यांवर बंद पडतो का’ या खुणेवरूनच ओळखायचं.

आता ज्या गोष्टी यातली एकही सोय सांगत नाही त्या. कोकणात फोन मंदावण्याचं पहिलं कारण उष्णता. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, बॅटरी नवीकोरी असली तरी. कव्हर काढा, चार्जर काढा, पडवीत पंख्याखाली अर्धा तास ठेवा. वेग परत आला तर बॅटरीवर खर्च करू नका. फ्रिजमध्ये ठेवायचा तर विचारही नको. इथल्या दमट हवेत बाहेर काढल्या काढल्या आत दव धरतं. दुसरी गोष्ट नेटवर्क, त्याने बॅटरी लवकर उतरते. दरीतल्या वाडीत किंवा कोकण रेल्वेच्या करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात फोन टॉवर शोधत राहतो आणि रेडिओवर बॅटरी जाळतो. तपासायचं तर एक रात्र एअरप्लेन मोडवर काढा, दुसरी साधी. पहिल्या रात्री तीन-चार टक्के आणि दुसऱ्या रात्री पंधरा-वीस गेले, तर दोषी रेंज आहे. तिसरं, भरलेलं स्टोरेज, त्यानेही फोन अडखळतो. वाडीच्या आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरचे व्हिडिओ साफ करून निदान दहा टक्के जागा मोकळी ठेवा.

चार्जिंग हळू होत असेल तर टॉर्च मारून चार्जिंग पिनच्या खाचेत बघा. खाऱ्या, दमट हवेने संपर्कांवर हिरवट थर चढतो आणि बोल बॅटरीला लागतो. नुसता कचरा असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, टाचणी घालू नका. हिरवट थर असेल तर रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या. पावसात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाचे बारीक कण खाचेत बसतात, आणि ॲपलही तसं न करायला सांगतं.

८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बऱ्याच नव्या फोनमध्ये आली आहे. उन्हाळ्यात ती चालू ठेवावी, कारण पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी सर्वात लवकर झिजते. पण वादळाचा इशारा आला की बंद करून १०० टक्के भरून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातल्या अनेक गावांत वीज यायला किती दिवस लागले, हे दापोली-श्रीवर्धनकरांना वेगळं सांगायला नको.

शेवटी बॅटरी बदलायचीच ठरली तर. टेबलावर उलटा ठेवलेला फोन डुगडुगला किंवा स्क्रीन फ्रेमपासून उचललेली दिसली, तर बॅटरी फुगलीय. आकडा काहीही असो, चार्जिंग आजच थांबवा. आयफोन एक्सआर, एक्सएस आणि पुढच्या मॉडेलवर बाहेरची बॅटरी बसवली की ‘अननोन पार्ट’ असा संदेश येऊ शकतो. तो टाळायला काही दुकानदार जुन्या बॅटरीची सर्किट पट्टी नव्या सेलवर स्पॉट वेल्डिंगने जोडतात आणि प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने आकडा १०० करतात. म्हणून जुन्या फोनवरचं ‘१०० टक्के’ बघून भुलू नका. बॅटरी फोनमध्ये बसवण्याआधी तिच्यावरची उत्पादनाची तारीख दाखवायला सांगा. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनच्या संरक्षणावर भरवसा धरता येत नाही, नवा सील लावला का तेही विचारा. होडीत किंवा पावसात तो फोन खिशात टाकायचा तर प्लास्टिकची पिशवी लागेलच.