सदाशिव पेठेतली काकूंची मेस, पहिल्यांदा घर सोडून आलेल्यांनी वाचा

मी सोलापूरची, पुण्यात फर्स्ट इयरला, पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहते. ऑगस्टपासून ही माझी दुसरी मेस. पहिली खोलीच्या खालीच होती म्हणून लावली, महिन्याचे पैसे आधी घेतले आणि खाडे धरत नाही, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करत नाही, हे नंतर सांगितलं, गणपतीला पाच दिवस घरी गेले ते पैसे गेलेच. पण पैशांपेक्षा जेवणाचा त्रास जास्त झाला. पोळ्या गार, आमटीत गूळ आणि भाकरी तर कधीच नाही. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण झालंय असं कोणी म्हणतच नाही, त्यामुळे पोट भरायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही, आणि आईने फोनवर "जेवलीस का गं" विचारलं की घसा दाटून यायचा. शेवटी शेवटी तर रात्री बिस्किटं खाऊन झोपायचे.

मग क्लासमधल्या एका ताईने इथे आणलं. जुना वाडा, लाकडी जिना, वर दोन खोल्या, एका वेळी बारा-चौदा जण बसतात. दोन वेळचे महिन्याला ३२०० रुपये, सलग चार खाडे असतील तर धरतात, फक्त आदल्या रात्री सांगायचं. भाकरी मंगळवारी आणि शुक्रवारी, तीपण तव्यावरून थेट ताटात, वरचा पापुद्रा टम्म फुगलेला असतो, बोटाने फोडला की वाफ येते. बाकी दिवस पोळी, दोन भाज्या, वरण-भात, ताक. आमटी इथेही गोडच, काकू पुण्याच्या आहेत, ते काही बदलणार नाही आणि आता मी बदला असं म्हणतही नाही.

मला सगळ्यात आवडते ती ओट्यावरची फळी. तिथे पोरांच्या घरच्या बरण्या ठेवलेल्या असतात, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. माझी शेंगाचटणी आहे, आईने उखळात कुटलेली, तेल सुटलेली, त्याच्या शेजारी नांदेडच्या मुलाची कारळ्याची चटणी, रत्नागिरीच्या मुलीचं आंबोशीचं लोणचं. ज्याला पाहिजे त्याने घ्यायचं. बरणी संपत आली की काकू स्वतःच विचारतात, "घरी कधी जाणार तू?" जानेवारीत गड्डा होता, सिद्धेश्वरांची यात्रा, आणि माझे इंटर्नल्स नेमके तेव्हाच, आयुष्यात पहिल्यांदा मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, सातही नंदीध्वज, मी फोनच्या स्क्रीनवर बघितले. त्या दिवशी मला जेवण जाईना, काकू काही बोलल्या नाहीत, फक्त माझी बरणी काढून ताटाशेजारी ठेवली आणि समोर बसून राहिल्या.

आता रविवारचं सांगते कारण नवीन आलेल्यांना हे कोणी सांगत नाही. बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. आणि घरची आठवण सगळ्यात जास्त येते ती रविवारी संध्याकाळीच, रूममेट गावाला गेलेली, रस्त्यावर फॅमिल्या फिरताना दिसतात, संध्याकाळची सोलापूरची हुतात्मा एक्सप्रेस पकडून सरळ घरी जावं असं वाटतं. इथेही मेस तेव्हा बंदच असते, पण जे गावी गेले नाहीत त्यांच्यासाठी काकू मुगाची खिचडी टाकतात, पैसे घेत नाहीत, फक्त दुपारीच किती जण ते सांगून ठेवायचं. कधी चौघं असतो कधी सात. जेवल्यावर भांडी आम्हीच घासतो, काका रेडिओ लावतात आणि नऊ वाजेपर्यंत कोणी उठत नाही.

तक्रारी पण आहेत. दीडनंतर गेलात तर जिन्यात उभं राहावं लागतं, भात रोज जरा गिच्च होतो, आणि परीक्षेच्या दिवसांत डबा बांधून देत नाहीत.

जागा मर्यादित आहेत, महिना सुरू व्हायच्या आठवडाभर आधी जाऊन विचारा. आणि घरून येताना एक बरणी नक्की आणा, फळीवर अजून जागा आहे.