१२ जीबीचं कार्ड, कारखान्यांची ॲनिमेशन आणि मधेच उडणारा रेंडर: वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, १२ जीबी मेमरीवालं. काम कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचं. पंप उघडतो, आत इंपेलर (पात्यांचं चाक) फिरतो, कास्टिंगचा काप दिसतो, अशा फिल्म. प्रदर्शनात स्टॉलवरच्या टीव्हीवर त्या दिवसभर चालतात. थ्रीडी सॉफ्टवेअर ब्लेंडर; रेंडर, म्हणजे सीनवरून एकेक फ्रेमचं चित्र काढणं, त्यातल्याच सायकल्स इंजिनमध्ये; मशीनची रॅम ३२ जीबी. कार्डाच्या वेगावर सगळेच लिहितात. वेग ठीक आहे, एवढंच सांगतो. आमच्या धंद्यात रात्री लावलेला रेंडर सकाळी पुरा झालेला असतो का, यावर सगळं अवलंबून.

घेणाऱ्यांनी एक बघावं. ३०६० याच नावानं ८ जीबीचंही कार्ड निघालेलं आहे. ३०६० टीआय जास्त पळतं, पण त्यालाही मेमरी ८ च. खोक्यावरचा आकडा वाचून मगच पैसे द्या. आणि दोन कार्डं लावली की २४ जीबी होतात असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, अख्खा सीन प्रत्येक कार्डात वेगळा भरावा लागतो.

आता मुद्द्याचं. ‘रेंडर उडाला’ हे एकच वाक्य आपण चार वेगळ्या आजारांना वापरतो, आणि मग औषध भलत्याचंच होतं. कार्डाची मेमरी संपली तर ब्लेंडर स्वतःच तसं स्क्रीनवर सांगतं. बाकी तिघांसाठी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडायचा. तिथं ४१०१ हा नोंदीचा आकडा दिसला तर डिस्प्ले ड्रायव्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजनं तो रीसेट केला. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. २००४ दिसला तर व्हर्च्युअल मेमरी (रॅम आणि डिस्कवरची पेजफाईल मिळून) संपत आली होती. आणि कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं: वीज, पॉवर सप्लाय किंवा मशीन पूर्ण गोठल्यानं बटण दाबून केलेलं रीस्टार्ट. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवलेत. त्याआधी आमच्याकडं प्रत्येक गोष्टीला ड्रायव्हर बदलणे हा एकच उपाय होता.

दुसरी खूण याहून सोपी. त्याच फ्रेमला उडतो का, कुठंही उडतो? माझ्याकडं काम करणारा पोरगा एका पंपाच्या फिल्मला सकाळी म्हणाला, “दादा, परत तिथंच उडालं.” तो ‘तिथंच’ शब्द ऐकला आणि निम्मं काम झालं. तिथंच म्हणजे कॅमेरा केसिंगमधून आत शिरून इंपेलरच्या पात्याला जवळजवळ चिकटतो तिथं. कास्टिंगचा खरबरीत पृष्ठभाग दाखवायला ॲडॅप्टिव्ह सबडिव्हिजन लावलेलं, म्हणजे रेंडरच्या वेळी पृष्ठभागाचे आपोआप तुकडे पाडणारी सोय. त्यात कॅमेरा जेवढा जवळ, तेवढे पृष्ठभागाचे तुकडे बारीक. लांबून १२ जीबीत आरामात बसणारा सीन त्या फ्रेमला फुगत होता. डायसिंग रेट, म्हणजे तुकड्याचं माप, १ पिक्सेलवरून २ वर नेला, तुकडे साधारण चौथ्या हिश्श्यावर आले, फ्रेम निघाली. पडद्यावर फरक? मला तरी दिसला नाही.

त्याच फाईलची खरी डोकेदुखी मात्र बोल्ट होते. कारखान्याकडनं येते ती स्टेप फाईल, म्हणजे कॅडमधलं डिझाइन. ती मेशमध्ये (त्रिकोणांच्या जाळीत) बदलली की प्रत्येक बोल्टचा प्रत्येक आटा त्रिकोणांत उतरतो, आणि फ्लँजवरचे सगळे बोल्ट वेगवेगळे मेश होऊन बसतात. आटे काढून टाकू म्हटलं तर कारखान्याचे साहेब म्हणाले, “आटे दिसायला पायजेत, आमची क्वालिटी त्यातच हाय.” बरोबरच आहे त्यांचं. मग समोर दिसणाऱ्या बोल्टांना आटे ठेवले, नटाच्या आतले काढले, आणि एका मापाचे सगळे बोल्ट निवडून ‘लिंक ऑब्जेक्ट डेटा’ केलं. म्हणजे मेश एकच, जागा अनेक. इथं एक खाच आहे. बोल्टला बेव्हलसारखा (कडा गोल करणारा) मॉडिफायर, म्हणजे मेशवर वरून लावलेला बदल, लागलेला असेल तर लिंक असूनही प्रत्येकाची वेगळी प्रत मेमरीत जाते. मॉडिफायर आधी एका बोल्टवर ॲप्लाय करा (मेशमध्ये कायमचा उतरवा), बाकीच्यांवरचा काढून टाका, मग लिंक करा. रेंडर खिडकीतला मेमरीचा आकडा तिथल्या तिथं खाली येतो, बघायला मजा वाटते.

टेक्स्चरचा, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा, हिशेब कागदावर होतो. डिस्कवर ५ एमबीचं दिसणारं ४के जेपीजी कार्डात ४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी खातं. ८के असेल तर २५६. रंग, रफनेस, नॉर्मल अशी तीन ८के टेक्स्चर एका गंजलेल्या पाइपला लावली की पाऊण जीबी गेला, आणि तो पाइप कोपऱ्यात धूसर उभा! ब्लेंडरच्या रेंडर सेटिंगमधल्या सिम्प्लिफायमध्ये टेक्स्चरची मर्यादा २०४८ ठेवून एक फ्रेम काढून बघा. कार्ड काठोकाठ भरलं की सायकल्स काही डेटा मशीनच्या रॅममध्ये सरकवतं. रेंडर मग उडत नाही, रखडतो. वेळ अचानक वाढली तर तेही मेमरीचंच लक्षण समजा.

पेजफाईल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाईल, बंद केल्यानं एसएसडी टिकते, हा सल्ला आमच्या ओळखीत फार फिरतो. कृपा करून बंद करू नका. विंडोज जेवढी मेमरी कबूल करू शकतं ती रॅम आणि पेजफाईल मिळून. आणि सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर पेजफाईलला वाढायला जागाच नसते.

विजेबद्दल काय सांगायचं, पाऊस लागला की दिवा मिचमिचणारच. कार्ड १७० वॉटचं, त्याला ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगितलेला आहे. तो चांगला घ्या. यूपीएसवर लिहिलेला व्हीए आकडा म्हणजे वॉट नव्हेत, वॉट कमी असतात.

थेट एमपी४ मध्ये रेंडर करणाऱ्यांना मी आता बोलतच नाही. मधे उडालं की आख्खी फाईल जाऊ शकते. पीएनजी किंवा ईएक्सआर अशा सुट्या चित्रांच्या फ्रेम काढा, ‘ओव्हरराइट’ (असलेल्या फाईलवर पुन्हा लिहिणं) बंद, ‘प्लेसहोल्डर’ (फ्रेम सुरू होताच तिच्या नावाची रिकामी फाईल ठेवणं) चालू. पुन्हा लावलं की राहिलेल्या फ्रेमपासून सुरू होतं. फक्त उडाला त्या क्षणाची रिकामी, ० केबीची फाईल फोल्डरमध्ये तशीच पडून असते. ती पुसली नाही तर ब्लेंडर ती फ्रेम झाली असं धरून पुढं जातं, आणि फिल्ममध्ये नेमका तिथं धक्का दिसतो.

ब्लेंडरमधली ‘पर्सिस्टंट डेटा’ ही सेटिंग चालू ठेवली तर वेळ वाचतो, पण एका फ्रेमनंतर पुढच्या फ्रेमसाठी सीन मेमरीत धरून ठेवला जातो. छोट्या सीनला चालू, पंपासारख्याला बंद. रात्रीचा रेंडर आम्ही कमांड लाइनवरून लावतो, ब्लेंडरची खिडकी न उघडता. व्ह्यूपोर्टची, म्हणजे काम करताना सीन दिसतो त्या भागाची, मेमरी तेवढी वाचते.

या कार्डात अजून न बसलेली गोष्ट म्हणजे ओतकामाचा सीन: लाडलमधून (ओतायच्या भांड्यातून) पडणारा वितळलेल्या धातूचा रस आणि वरचा दाट धूर. धुराचा व्हॉल्यूम आणि फौंड्रीचं शेड एकत्र घेतलं की १२ जीबी पुरत नाहीत. सध्या धूर वेगळा रेंडर करून कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे चित्रं एकावर एक जोडताना, वर चढवतो. रसाचा लाल उजेड धुरावर पडायला हवा तसा पडत नाही, त्यासाठी धुराच्या सीनमध्ये नुसता एक लाल लाइट ठेवून भागवतो. महिन्यातून एखादं असं काम असेल तर हे कार्ड घ्या. रोजच धूर, पाणी, ठिणग्या करायच्या असतील तर १६ जीबीच्या खाली बघू नका.