एडिनबरा प्रश्नावली: बाळंतिणीच्या नैराश्यासाठी दहा प्रश्न, खर्च फक्त झेरॉक्सचा

कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की या तिघांनी १९८७ साली ब्रिटनमध्ये ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. मूळ लेखकांचं नाव देऊन जशीच्या तशी छापली तर वेगळी परवानगी लागत नाही. भरायला पाच-दहा मिनिटं पुरतात. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या लसीकरण सत्रात ती वापरायची तर कशी, एवढंच इथे बघू. चीज चांगली आहे, पण एकदाच भरून फाइलला लावली तर निम्मी वाया जाते.

प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, गुण ० ते ३, एकूण ३०. विचारायचं ते गेल्या सात दिवसांबद्दल. जास्त घोटाळा बेरजेत होतो. १, २ आणि ४ या प्रश्नांना वरून खाली ०, १, २, ३ असे गुण आहेत. बाकी सातही प्रश्नांना उलटे, सगळ्यात वरच्या उत्तराला ३. सगळं एकाच दिशेने मोजलं तर धडधाकट बाई आजारी ठरते आणि आजारी बाई सुटून जाते. दुसरी गफलत सातव्या प्रश्नात. मन उदास असल्यामुळे झोप लागत नाही का, असं तो विचारतो. बाळ रात्री चारदा उठवतं ते यात धरायचं नाही. "बाळ झोपलं असताना तरी डोळा लागतो का?" असं विचारलं की खरं काय ते कळतं.

पहिल्या आठवड्यात ही भरायचीच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात. त्यातली शेवटची भेट, नाहीतर दीड महिन्याची लस, ही पहिली वेळ. लसीनंतर अर्धा तास थांबवतातच, तोच वापरावा. बाळ आजीच्या मांडीवर द्यायचं आणि बाळंतिणीला बाजूला बसवायचं. सासू शेजारी असताना जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, या दहाव्या प्रश्नाला खरं उत्तर कोण देईल? सख्ख्या आईसमोरही तेच होतं. वाचून दाखवायची वेळ आली तर चारही पर्याय शेवटपर्यंत वाचावेत. "असं काही नाही ना गं?" म्हणून विचारलं की "नाही"च येतं.

१० ते १२ गुण आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावी. १३ किंवा त्याहून जास्त म्हणजे निदान झालं असं नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवायचं आणि तिथून गरजेप्रमाणे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्यावं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असंच गळून जातं. दहाव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मात्र घरातला एकुलता फोन मुंबईला गेलेल्या नवऱ्याबरोबर गेला असेल तर क्रमांक पाठ असून उपयोग नाही, ही सोय आधी बघावी.

"अंगावर पाजतेय, गोळ्या कशा घेणार?" ही अडचण हमखास येते. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं, म्हणून डॉक्टर बहुधा तेच निवडतात. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात. मनाने बंद केलं की दुखणं उलटतं.

आता बाळाचं. "आईवर उपचार करा, मूल हुशार होईल" असं कुणी सांगत असेल तर ते जास्तीचं आहे. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बोलण्यातून उपचार केले, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के आया नैराश्यात होत्या, हे उपचार न मिळालेल्या गटात ५३ टक्के. बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या. पण वजन-उंचीत ठळक फरक दिसला नाही, आणि तीच मुलं सात वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा बुद्धीत आणि वागण्यातही नाही. आईचा आजार बरा करायला आई आजारी आहे एवढं कारण पुरेसं आहे. बाळाशी बोलणं, हसणं, खेळणं हे वेगळं शिकवावं लागतं. गोळीने ते आपोआप येत नाही.

धोका कुठे जास्त, तेही माहीत आहे. ब्रिस्टल परिसरातल्या मोठ्या अभ्यासात ज्या आयांचं नैराश्य तीव्र होतं आणि दुसऱ्या महिन्यातही होतं, आठव्यातही होतं, त्यांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागण्याच्या अडचणी, १६व्या वर्षी गणितात कमी गुण आणि १८व्या वर्षी नैराश्य जास्त आढळलं. म्हणून हा कागद दुसऱ्यांदा नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या लसीला भरायचा. नेमकी इथेच साखळी तुटते. पहिलटकरीण माहेरी असते, पहिली प्रश्नावली तिथल्या आशाताईंकडे राहते, आणि सासरच्या आशाताईंना काहीच ठाऊक नसतं.

हा कागद एक गोष्ट पकडत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप पार उडणं, भलतंसलतं बोलणं, बाळाबद्दल विचित्र शंका घेणं याला प्रश्नावली नको, थेट दवाखान्यात नेणारी गाडी हवी. "बाहेरचं झालंय" म्हणून देवऋषी शोधण्यात गेलेला दिवस महागात पडतो.

माझ्याकडून या प्रश्नावलीला पाचपैकी चार. एक गुण कापला तो मागच्या साखळीसाठी, कागदासाठी नाही. बाळंतिणीच्या गुणांचा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहू नये, ते कार्ड घरात सगळे चाळतात. त्या आकड्याची चिठ्ठी बंद पाकिटात बाळंतिणीच्याच हातात द्यावी आणि सासरी गेल्यावर तिथल्या आशाताईंना दाखवायला सांगावी.