पहिले रिमोटचे विमान : तयार घ्यावे की घरी कापावे?

रेडिओ-नियंत्रित विमान उडवायला शिकायचे ठरले की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न समोर उभा राहतो. खोक्यातून काढून तासाभरात उडवता येईल असे ईपीओ फोमचे तयार विमान घ्यावे, की शीट कापून, चिकटवून, मोटर आणि शेपटीचे भाग हलवणारे छोटे सर्व्हो स्वतः बसवून घरीच एक साधे विमान तयार करावे? मी दोन्ही केले आणि याच क्रमाने केले. पहिली दीड वर्षे मी तयार विमानावर शिकलो आणि त्यानंतरची चार वर्षे घरी कापलेल्या विमानांवर उडवत आहे. माझा कल कुठे आहे हे पुढे दिसेलच. पण ज्याची परिस्थिती माझ्यापेक्षा वेगळी आहे त्याने वेगळा निर्णय घेतला तर तो चुकला, असे मी म्हणणार नाही.

बाल्सा लाकडाची विमाने आणि मिथेनॉल, एरंडेल व थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारी ग्लो इंजिने मी या तुलनेत घेतलेली नाहीत. त्या आवाजाची आणि वासाची ओढ मला समजते. आमच्या माळावर ज्या सरांनी मला शिकवले, ते स्वतः अशाच विमानांवर शिकले आहेत. पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने इंधन शोधण्यात आणि इंजिनाला इंधन किती जावे ते ठरवणारी सुई जुळवण्यात पहिले वर्ष घालवावे, असे तेही म्हणत नाहीत.

तयार विमानाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. साच्यातून निघालेला पंख दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो, त्याची टोके योग्य तेवढी वर उचललेली असतात, मोटरचा रोख कारखान्यातच किंचित खाली आणि उजवीकडे ठेवलेला असतो, आणि बॅटरी ठरलेल्या खाचेत बसवली की गुरुत्वमध्य आपोआप जागेवर येतो. नवशिक्याच्या पहिल्या उड्डाणात जे जे बिघडू शकते त्यातले बरेचसे असे आधीच निस्तरलेले असते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी, मिरजेजवळच्या माळावर, वारा सुटण्यापूर्वी सरांनी ते विमान हाताने सोडले आणि ते सरळ रेषेत वर चढत गेले, तेव्हा माझ्या हातातल्या ट्रान्समीटरच्या, म्हणजे रिमोटच्या, काठ्या मी जवळजवळ हलवल्याच नव्हत्या. तो अनुभव घरी कापलेल्या विमानाने मला पहिल्या दिवशी दिला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

शिवाय नवशिक्यांसाठीच्या बहुतेक तयार विमानांत तोल सांभाळणारा जायरो असतो. काठ्या सोडल्या की विमान स्वतःहून समतल होते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे कलतच नाही. जवळपास शिकवणारे कोणी नसेल तर ही सोय फार मोलाची आहे, आणि शाळकरी मुलाच्या हाती पहिले विमान द्यायचे असेल तर मी तिचा आग्रहच धरीन. तरीही माझ्या बाबतीत जायरोने एक गोष्ट लपवून ठेवली. विमान आपल्याकडे तोंड करून येत असते तेव्हा डावे-उजवे उलटे होते, आणि नवशिक्याची बहुतेक विमाने याच क्षणी जमिनीवर येतात. अशा वेळी जो पंख खाली गेला आहे त्याच्या बाजूला काठी न्यावी, हा सरांनी सांगितलेला उपाय मला पाठ होता, पण हाताला सवय नव्हती, कारण माझी चूक जायरो माझ्या आधीच सुधारत होता. तीन महिन्यांनी तो बंद करून उडवले तेव्हा मी जणू पुन्हा पहिल्या दिवसावर आलो. ती सवय शेवटी संगणकावरच्या सिम्युलेटरने लावली. ट्रान्समीटर तारेने संगणकाला जोडून रोज रात्री वीस मिनिटे, असे सहा आठवडे मी केले. दोन्हींपैकी कोणताही मार्ग निवडला तरी हे टाळू नये.

आता घरी कापलेले विमान. त्यासाठी आपल्याकडे दोन साहित्ये सहज हाती येतात. एक म्हणजे जाहिरातीच्या फलकांसाठी वापरतात ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट, जिला फलक छापणारे सनपॅक म्हणतात. आणि दुसरे म्हणजे छंदाच्या दुकानांत मिळणारी बायोफोमची पांढरी, हलकी शीट. तीन मिलिमीटरची सनपॅक जवळजवळ फुकट मिळते, कारण मुदत संपलेले फलक कोणालाच नको असतात. मात्र तिच्या नळ्या पंखाच्या लांबीच्या दिशेनेच ठेवाव्या लागतात, नाही तर पंख हवेत दुमडतो. त्या शीटचे माझे सव्वा मीटर पंखाचे विमान बॅटरीसह एक किलोच्या आसपास भरते. त्याच मापाचे बायोफोमचे विमान साडेसहाशे ग्रॅममध्ये बसते आणि उडायला कितीतरी हलके वाटते, पण पडल्यावर तेवढेच लवकर तुटते.

पंखाच्या आकाराची भीती बाळगण्याचे कारण नाही. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या दोन अमेरिकनांनी कागदी विमानावरून सुचवलेला पायरीचा पंख, म्हणजे एका सपाट शीटवर पुढच्या अर्ध्या भागात दुसरी शीट चिकटवलेला पंख, नवशिक्याच्या हाताला पुरेसा समजूतदार आहे. शेपटीचे हलते भाग, म्हणजे नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावीकडे-उजवीकडे वळवणारा रडर, ओढणाऱ्या तारांसाठी मी सायकलचे स्पोक वापरले. पंख धडाला स्क्रूने न जोडता रबरबँडने बांधला, म्हणजे आपटल्यावर पंख जागचा सरकतो, मोडत नाही.

माझे पहिले घरचे विमान मात्र हातातून सुटताच नाक वर करून थांबले आणि पंखावर कोसळले. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एकतृतीयांश अंतरावर हवा, तो मी जवळजवळ निम्म्यावर ठेवला होता. बॅटरी बरीच पुढे सरकवली आणि तेच विमान अर्ध्या तासाने उडाले. दोन आठवड्यांच्या संध्याकाळी खर्ची घालून पहिल्या सकाळी हे पाहावे लागणे प्रत्येकाला मानवेल असे नाही, आणि ज्याला त्या संध्याकाळी मिळतच नाहीत त्याच्यासाठी निर्णय इथेच होतो.

माझा निर्णय झाला तो मात्र एका लहानशा हिरव्या पट्टीमुळे. माझ्या तयार विमानात ट्रान्समीटरचा संदेश पकडणारा रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी आणि जायरो असे तिन्ही एकाच सर्किटच्या पट्टीवर होते. विकत घेताना मला ही सोय वाटली होती, कारण तारा कमी आणि गोंधळ कमी. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी विमान दव पडलेल्या गवतात उतरले, थोडे घसरले आणि थांबले. कुठे ओरखडाही नव्हता. पुन्हा बॅटरी जोडली तर मोटर फिरत होती, रडर हलत होता, एलिव्हेटर मात्र निपचित. सर्व्हो बदलून पाहिला, तो ठीक होता. बिघाड पट्टीवरच्या त्या एका जोडणीत होता. पट्टी बदलायची तर तीच पट्टी हवी, कारण खोक्यासोबत आलेला ट्रान्समीटर दुसऱ्या कोणत्याही रिसीव्हरशी जुळत नव्हता. विक्रेत्याकडे ती नव्हती. मागवून देतो म्हणाले आणि दर महिन्याला पुढच्या महिन्याची तारीख देत राहिले. पंख शाबूत, मोटर शाबूत, बॅटरी शाबूत, आणि विमान चार महिने भिंतीवर टांगलेले. आमच्याकडे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या सकाळी उडवण्यासाठी सर्वांत चांगल्या असतात. त्यानंतर दुपारचा वारा सकाळीच सुरू होऊ लागतो आणि पुढे पाऊस. ते चार महिने नेमके हेच होते. विमान मोडून गेले असते तर मला इतके लागले नसते. ते धडधाकट दिसत असताना केवळ एका वाटाण्याएवढ्या भागासाठी अडून राहिले, हे दर रविवारी भिंतीकडे पाहताना सलत होते.

घरच्या विमानात प्रत्येक भाग सुटा असतो, आणि हाच माझ्या मते दोघांमधला खरा फरक आहे. रिसीव्हर वेगळा, ईएससी वेगळा, सर्व्हो वेगळे. जे जळेल तेवढेच बदलायचे. हे भाग मिळणेही आता अवघड राहिलेले नाही. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ए२२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी आणि ९ ग्रॅमचा सर्व्हो मागितला की दुकानदार दुसरा प्रश्न न विचारता ते काउंटरवर ठेवतो, कारण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि ड्रोन याच भागांवर चालतात. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. त्यानंतर आपल्या छंदाची भिस्त सुट्या भागांवर असलेली बरी, असे मला अधिकच वाटू लागले.

तुलनेसाठी एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी माझे सनपॅकचे विमान उभ्या उसात गेले. बारा फूट उसात शिरल्यावर चार हातांवरचेही दिसत नाही आणि पाती हात कापतात. सरांनी बांधावर उभे राहून ट्रान्समीटरची काठी हलवत ठेवली आणि मी आत सर्व्होचा किरकिर आवाज ऐकत पुढे सरकत गेलो, तेव्हा ते सापडले. मोटरचा दांडा वाकला होता आणि पंखाचे टोक फाटले होते. मोटर साडेचारशे रुपयांना आली, टोक चिकटपट्टीने आणि दोन बांबूच्या काड्यांनी सरळ झाले आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा माळावर होतो.

दुरुस्तीत तयार विमान अगदीच मागे आहे असे समजू नये. ईपीओ फोमचे नाक चेपले तर उकळत्या पाण्यात काही सेकंद धरल्यावर ते फुगून बरेचसे पूर्ववत होते, आणि मोडलेला पंख फेव्हिक्विकने असा जुळतो की सांधा शोधावा लागतो. म्हणजे फोमची काळजी नाही. काळजी आहे ती फोमच्या पोटात बसवलेल्या पट्टीची.

हवेतल्या वागण्यात मी तयार विमानालाच झुकते माप देईन. त्याचा गोलसर, गुळगुळीत पंख मोटर बंद केल्यावरही लांबवर तरंगत येतो, तर माझे सनपॅकचे विमान मोटर कमी करताच जमीन जवळ करू लागते आणि उतरताना थोडी शक्ती चालू ठेवावी लागते. वाऱ्यात मात्र त्या जादा वजनाचा फायदाच होतो, असे मला जाणवले आहे.

खर्चाविषयी थोडक्यात. माझे तयार विमान ट्रान्समीटरसह सुमारे चौदा हजारांना पडले होते. घरच्या विमानासाठी फ्लायस्काय एफएस-आय६ हा सहा चॅनेलचा ट्रान्समीटर, तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी, चार्जर, मोटर आणि बाकी सगळे मिळून दहा हजारांच्या आत भागले. दोन आकड्यांतला फरक फार मोठा नाही. दुसऱ्या विमानाच्या वेळी तो मोठा होतो, कारण ट्रान्समीटर, बॅटरी आणि चार्जर तेच राहतात आणि नवे विमान त्या मानाने थोडक्या खर्चात उभे राहते.

नियम दोघांनाही सारखेच आहेत. ड्रोन नियम, २०२१मध्ये पंखाची विमानेही येतात, त्यामुळे उडवण्यापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. कोल्हापुरात उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा नकाशा विशेष काळजीने पाहावा. दोन किलोपर्यंतच्या विमानाला व्यावसायिक वापर नसेल तर वैमानिक परवाना लागत नाही, आणि वर सांगितलेली दोन्ही विमाने त्या वजनात आरामात बसतात.

तेव्हा कोणी काय घ्यावे? आठवड्यातून एखादीच सकाळ हाती असेल, शिकवणारे कोणी नसेल, किंवा त्याच विमानाची तीच पट्टी चार दिवसांत दारात येते अशा ठिकाणी आपण राहत असाल, तर तयार विमान घ्यावे आणि निश्चिंतपणे उडवावे. फक्त खरेदीपूर्वी विक्रेत्याला रिसीव्हर आणि ईएससी वेगवेगळे आहेत का, एवढे जरूर विचारावे. वेगळे असतील तर माझी मुख्य तक्रार उरत नाही. बाकीच्यांनी, विशेषतः मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांनी, मला विचारले तर मी त्यांना चांगला ट्रान्समीटर आधी घ्या, महिनाभर सिम्युलेटरवर बसा आणि तोवर शीट कापायला घ्या, असेच सांगतो.

कापताना एक करावे. पंखाचा आणि शेपटीचा नमुना आधी जाड पुठ्ठ्यावर काढून घ्यावा आणि एकाच बैठकीत दोन पंख कापावेत, म्हणजे एक विमानावर आणि एक कपाटावर राहतो. माझा पहिला पुठ्ठा कडांना झिजला आहे, तरी अजून तोच वापरतो; त्याच्यावर आतापर्यंत अकरा पंख कापून झाले आहेत आणि बारावा काल रात्री चिकटवून वाळत ठेवला आहे.